हडळींना झेलणारी गादी

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. जुनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर माळ्यावर गुंडाळून टाकलेली, उंदरांनी कुरतडलेली बिचारी गादी आली असेल. तसं काही मनात आणू नका. मी सिनेमात काम केलं आहे, आणि तेही भुतांच्या मारामारीच्या सिनेमात! त्यात ज्या ज्या बायका जिन्यावरून, खिडकीतून, छपरावरून खाली पडल्या, त्या सगळ्या माझ्या अंगावर पडल्या आणि सगळ्या आपल्या पायांनी घरी गेल्या. आता सांगा, मी मिरवू नको तर काय करू?

माझा जन्म नागपुरातल्या महाल भागात, चंपतरावांच्या गादीच्या दुकानात झाला. काटोलकडचा कापूस, निळ्या पट्ट्यांची जाड खोळ आणि चंपतरावांचं लांबलचक दाभण. टाके घालताना ते असे ओढत की माझा जीव कासावीस होई, पण त्या टाक्यांमुळेच मी आजवर धड आहे. गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्यांनी मला थोपटलं आणि म्हणाले, "गादीले ऊन दाखवत जा बरं, मंग पाहा कशी राहते ते."

मला विकत घेतलं एका मंडपवाल्यानं. लग्नाच्या स्टेजवर मला अंथरत आणि वर पांढरी चादर घालत. किती नवरदेव माझ्यावर मांडी घालून बसले! बाहेरून राजासारखे दिसत, पण आतून त्यांचे पाय कसे थरथरत, ते मलाच ठाऊक. पुढे लग्नांत लाल मखमलीचे सोफे आले आणि माझी रवानगी गोदामात झाली. गरज सरो, वैद्य मरो! बरीच वर्षं मी तिथं धूळ खात पडून होते. कोणी ऊन दाखवलं नाही, साधं झटकलंही नाही. मला फार वाईट वाटे.

मग एके दिवशी मंडपवाल्याची मुलगी मयुरा गोदामात आली. ती लग्नांचे व्हिडिओ काढायची. हळदीच्या त्याच त्या गाण्यांना कंटाळून तिनं स्वतःचा सिनेमा काढायचं ठरवलं होतं. तिनं माझ्यावर धाडकन अंग टाकलं, दोनदा उसळून पाहिलं आणि म्हणाली, "हे चालते!" गोदामातून बाहेर पडताना मला नवरीसारखं वाटलं.

सिनेमाचं नाव होतं 'टळटळीत'. एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ठेकेदारानं बाहेरून कुलूप लावल्यामुळे कामगार बायका आगीत मरतात आणि हडळी होऊन तिथंच अडकतात. त्यातल्याच एकीची नात मोठी होऊन येते, ठेकेदाराच्या माणसांना लोळवते आणि किल्ली मिळवून छपरावरून उडी घेते. कुलूप उघडतं, हडळी सुटतात. तुम्ही म्हणाल, भुतं तर रात्री येतात. पण रात्रीसाठी मोठाले दिवे लागतात आणि ते मयुरापाशी नव्हते. तिनं सरळ भुतं दुपारी काढली. नागपूरच्या मे महिन्यात भर बाराला रस्त्यावर एकटं उभं राहून बघा, म्हणजे हे भूत किती खरं आहे ते कळेल.

कळमेश्वरच्या पुढे एक जुनी शेड मिळाली आणि तिथं आमचं शूटिंग सुरू झालं. हडळी सगळ्या महालातल्याच, घरची कामं आटोपून येणाऱ्या. तोंडाला राख, अंगावर पांढरं लुगडं, आणि उन्हाची लू लागू नये म्हणून कमरेला कांदा! मुख्य हडळ होत्या अंजनाबाई. एरवी त्या डबे करून देतात. पहिल्या दिवशी साखरेच्या पाकाचं रक्त केलं, तर शेडमधल्या साऱ्या मुंग्या माझ्या अंगावर गोळा झाल्या. दुसऱ्या दिवसापासून अंजनाबाईंनी बिनतिखटाची तर्री आणली. लालभडक, वर तेलाचा तवंग. ठेकेदाराच्या माणसांना मारून झालं की त्या हनुवटीवरचं रक्त बोटानं चाटत आणि म्हणत, "मीठ बराबर आहे आज."

आता मोनालीबद्दल सांगते, कारण गोष्ट तिचीच आहे. नातीचं काम तिच्याकडे होतं. ती कबड्डीची खेळाडू. गुडघ्याला दुखापत झाली आणि ती संघातून बाहेर पडली. गुडघा बरा झाला, डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली, तरी गल्लीतले लोक तिच्या तोंडावर म्हणायचे, "हिचं संपलं आता." त्यामुळे सिनेमात यायला तिनं एकच अट घातली होती. नातीच्या साऱ्या उड्या तीच मारणार. मयुरानं शब्द दिला होता.

प्रत्येक उडीआधी मोनाली माझ्यावर पालथी पडून सगळीकडे हात फिरवायची आणि मग तो हात कपाळाला लावायची. मैदानात उतरताना खेळाडू मातीला नमस्कार करतात, तसा. इतका मान मला एकाही नवरदेवानं दिला नव्हता. माझ्याखाली संत्र्यांचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके रचलेले असत. ती वरून येई, खोके दबत, मी तिला पोटाशी घेई. त्या मुलीवर माझा फार जीव जडला.

शेवटच्या दिवसासाठी छपरावरची मोठी उडी राखून ठेवली होती. आदल्या दिवशी टँकरच्या पाइपनं खोटा पाऊस पाडून चिखलातली मारामारी झाली. हडळी दणादण माझ्यावर आदळल्या. काम छान झालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तर्री-भात खाल्ला आणि सगळे निघून गेले. मी मात्र ओलीचिंब, घडी घालून कोपऱ्यात तशीच! दुसरी कोणीतरी वाळत घालेल, असं प्रत्येकीला वाटलं. मला इतका राग आला की विचारू नका. कापूस भिजून दबला की त्याचे गोळे होतात, आणि गोळ्यांवर उंचावरून पडलं तर हाड मोडायला वेळ लागत नाही. मला तोंड असतं तर मी आख्खं कळमेश्वर डोक्यावर घेतलं असतं.

सकाळी खोके रचून मला वर टाकलं. मोनाली नेहमीप्रमाणे माझ्यावर पालथी पडली, तिनं हात फिरवला आणि तो तसाच थांबला.

"काहून वं मोनाली, झोपूनच राहते का आज?" अंजनाबाईंनी विचारलं.

"मावशी, हात लावून पाहा. ओली आहे. आत गोटेच गोटे झाले."

सगळ्या धावत आल्या. मयुराचा चेहरा उतरला. "उद्यापासून मालक मशिनी काढून राहिला," ती म्हणाली. "शेड आजच्याच दिवस आपल्यापाशी आहे. आज नाही झालं तर सिनेमाले शेवटच नाही."

तेवढ्यात विक्की पुढे झाला. तो मारामारी शिकवायला यायचा. मनानं चांगला, पण प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एकच औषध. "टेन्शन कायले घेता? मी लावतो वेणी, घालतो हिचा ड्रेस आणि त्या खिडकीतून मारतो छोटी उडी. लांबून कोणाले काय समजते?"

"मले समजते ना गा," मोनाली म्हणाली.

मयुरानं एकदा विक्कीकडे पाहिलं, एकदा मोनालीकडे. वेणी लावलेला विक्की म्हणजे सिनेमा पुरा होणार होता. पण मग मोनालीला दिलेला शब्द जाणार होता, आणि गल्लीतले लोक खरे ठरणार होते.

अंजनाबाईंनी पदर खोचला. "नागपूरचं ऊन काय नुसतं शिव्या द्यायलेच आहे का? उसवा गादी!"

मित्रांनो, उसवून घेणं सोपं नसतं. पण मी हूं की चूं केलं नाही. माझे टाके कापले, कापूस बाहेर काढला आणि शेडच्या तापलेल्या पत्र्यावर पसरला. सगळ्या हडळी सावलीत गोल करून बसल्या आणि वाळत आलेला एकेक गोळा हातानं पिंजू लागल्या. तोंडाला राख, हनुवटीवर तर्री, मांडीवर कापूस आणि वर गप्पा! विक्कीही तोंड फुगवून बसला, मग त्याचाही हात चालू लागला. रस्त्यानं काटोलची एस.टी. जात होती. ड्रायव्हरनं आमच्याकडे पाहिलं आणि गाडी हळू केली. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. अंजनाबाईंनी कापसाचा हात उंच करून विचारलं, "येता का पिंजू लागाले?" एस.टी. जी सुटली, ती धुरळा उडवतच गेली.

मला पुन्हा भरलं, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पण तिथलं मे महिन्याचं ऊन पाच वाजताही दुपारचाच तोरा दाखवतं. तीन बाजू अंजनाबाईंनी शिवल्या. चौथी मोनालीनं शिवली. तिचे टाके लांबलांब, चंपतरावांनी पाहिले असते तर तिला दुकानाच्या पायरीवर उभं केलं नसतं. पण आतून मी अशी हलकी, अशी उबदार झाले होते की जन्माच्या दिवशीही नव्हते.

मोनालीनं हात फिरवला, कपाळाला लावला आणि ती शिडी चढून गेली. खालून ती एवढीशी दिसत होती. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? गुडघा तिचा होता, पण भार माझ्यावर होता. मयुरा ओरडली, "चालू!" मोनाली पळत आली, तिनं पत्र्याच्या कडेवर पाय दिला आणि स्वतःला मोकळं सोडून दिलं. खोके चुरगळले, मी खोल खोल गेले आणि चौथी बाजू फाटकन उसवली. मूठभर कापूस वर उडाला. मोनाली क्षणभर पडून राहिली. मग उठून उभी राहिली, गुडघा वाकवून पाहिला आणि इतक्या जोरात हसली की अंजनाबाई हडळीच्या वेशातच रडू लागल्या. मलाही फार आनंद झाला.

सिनेमा महालातल्या एका सभागृहात दाखवला. पुढे लहान मुलांना बसायला मला अंथरलं होतं आणि कडेला अंजनाबाई बसल्या होत्या. मोनाली छपरावर पळू लागली, तशी मागून पोरं ओरडली, "अबे, पोराले वेणी लावली आहे!"

विक्की ताडकन उभा राहिला. "वेणीवाला मी होतो बे! मले कोणी उडी मारूच नाही देल्ली!"

मयुरानं ती उडी कुठंही न तोडता दाखवली होती. मोनालीचा चेहरा शेवटपर्यंत दिसत होता. मग त्याच पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. पडद्याच्या खालच्या कडेनं पांढरा कापूस उन्हात तरंगत वर गेला. मागच्या एका आजीनं हात जोडले आणि म्हणाली, "मोकळ्या झाल्या बिचाऱ्या." मित्रांनो, ते हडळींचे आत्मे नव्हते. ती मी होते. अंजनाबाईंनी मला हळूच थोपटलं, पण आजीला काही सांगितलं नाही.

आता माझी चौथी बाजू नीट शिवली आहे. मोनाली गल्लीतल्या मुलींना कबड्डी शिकवते आणि पहिले काही दिवस नुसतं पडायला शिकवते, माझ्यावर. नव्या मुली कडेला उभ्या राहतात, ओठ चावतात, मागे सरतात. खेळ संपला की त्याच मुली मला उचलून गच्चीवर नेतात. आपण वापरलं ते आपणच वाळत घालायचं, हा मोनालीचा नियम आहे.

तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला मधूनमधून ऊन दाखवा, एवढंच माझं मागणं. मग तुम्ही खुशाल उंचावरून उडी घ्या. पडायचं काम तुमचं, झेलायचं मी बघते.