इंजिनाचे उडालेले झाकण

उजाडताच मेकॅनिक मेरुएर्तने विमानाच्या चाकांखालचे ठोकळे तपासले, पंखांवरचे दव पुसले आणि इंजिनाच्या बाजूचे झाकण उघडून तेल पाहिले. मग झाकण लावून चारही कड्या बसवल्या. उड्डाणाआधी शेवटची फेरी मारून प्रत्येक कडी पुन्हा ओढून पाहायची, हे तिला साबीर अगांनी शिकवले होते. आता तेच या लहानशा धावपट्टीचे प्रमुख होते.

त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या कुलाश अपांची नात बाळंतपणासाठी याच विमानाने शहरात निघाली होती. म्हातारीने मेरुएर्तलाही चटईवर ओढले.

"भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय कुणी हलायचं नाही, पोरी. घोडासुद्धा थांबतो, तुझं विमान कोण लागून गेलंय?"

निरोपाच्या भाकरीला नाही म्हणायची तिकडे रीतच नव्हती. भाकरीवर चहा झाला, चहावर थट्टामस्करी झाली. वैमानिक दुइसेनने हाक मारताच मेरुएर्त धावली ती थेट ठोकळे काढायला. शेवटची फेरी राहून गेली.

वाटेत खिंडीवर इंजिनाचे झाकण उडाले आणि शेपटीवर आदळले. दुइसेनने विमान शहरात सुखरूप उतरवले. नातीला मुलगा झाला. विमान मात्र कारण कळेपर्यंत तिथेच अडकून पडले.

"कड्या झिजल्या असतील," साबीर अगा म्हणाले. "तसं असेल तर नव्या येईपर्यंत उड्डाण बंद. तोवर खिंडीत बर्फ पडेल, म्हणजे रस्ताही गेला."

"आणि मी?"

"कड्याच झिजल्या तर तुझा काय दोष?"



पुढच्या आठवड्यात मेंढपाळ झार्मुखान घोडा दौडवत आला. "सुयिन्शी! सुयिन्शी!" चांगल्या बातमीचे बक्षीस मागत त्याने खोगिराला बांधलेले झाकण सोडले. "आभाळातून पडलं ते देवाचं, म्हणून घरी नेलं. बायको म्हणते, देवाला माझ्या कढईचं माप ठाऊक नाही, परत देऊन या!"

हसत हसत मेरुएर्तने गळ्यातला रुमाल त्याला दिला. झाकण उलटवले आणि तिचे हसू मावळले. तीन कड्या वाऱ्याच्या ओढीने वाकल्या होत्या. चौथी सरळ होती, आणि तिच्या आकड्याला लाल चिंधी गच्च बांधलेली होती; त्यामुळे ती नीट अडकलीच नव्हती.

झाकण घेऊन ती कुलाश अपांकडे गेली.

"मीच बांधली ना, तुम्ही चहा पीत होतात तेव्हा, कडी उघडून! नवसाच्या झाडाला बांधतो तशी. आभाळाच्या इतक्या जवळ कुठलं झाड जातं, सांग बरं? सुटली ना पोर सुखरूप?"

"सुटली, अपा. पण पुढच्या वेळी चिंधी वैमानिकाच्या खिशात ठेवायला द्या. तीही तितकीच उंच जाते."

"हे आधी नाही का सांगायचं, गाढवे!"

परतताना चिंधी सोडून चुलीत टाकण्याचा विचार तिच्या मनात आला. कुणालाही कळले नसते. दोष जुन्या कड्यांवर गेला असता, तिची नोकरी टिकली असती आणि हिवाळाभर आजारी माणसे खिंडीच्या अलीकडे वाट पाहत राहिली असती.

तिने झाकण जसेच्या तसे अगांच्या टेबलावर ठेवले.

"कड्या झिजलेल्या नव्हत्या, अगा. ही चिंधी मला दिसायला हवी होती. मी शेवटची फेरी मारली नाही."

अगांनी चिंधीला बोट लावून पाहिले. "तुला काढतील कदाचित."

"काढू देत. आधी विमान सोडवा."

तिने शहरातल्या विमानतळाला फोन लावून तो त्यांच्यापुढे सरकवला आणि ते बोलू लागेपर्यंत शेजारी उभी राहिली.