खिम्यात हाड

चामराजपेटातले खाटीक सुनंदाबाईंना वचकून असत. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं मिलिटरी हॉटेल होतं. पलटणीशी त्याचा काडीचा संबंध नाही. मटण-भात, मुद्दे म्हणजे नाचणीच्या उकडीचे गोळे, आणि पायांचं सूप मिळणाऱ्या खाणावळीला बंगळुरात मिलिटरी म्हणायची पद्धत आहे, एवढंच. रोज सकाळी सहाला खिम्याचं पातेलं आलं की बाई बांगड्या मागे सारून हात आत घालत. हाडाची एक कणी बोटाला लागली तरी पातेलं परत. खिम्यात हाड म्हणजे चोरी. वजन फुगवायचं आणि दात गिऱ्हाइकाचा मोडायचा. एकतीस वर्षांत बाईंनी तीन खाटीक बदलले आणि तिघांनाही तोंडावर चोर म्हटलं. भांडण निघालं की त्यांचे यजमान सुब्बाराव गल्ल्यावर बसल्या बसल्या पेपर उघडून तोंड झाकत.

अशा बाईंच्या हॉटेलावरच्या माडीतल्या घरी पाच महिन्यांची रागी राहायला आली. रागी म्हणजे नाचणीच्या रंगाचं गावठी कुत्र्याचं पिल्लू. सुनंदाबाईंच्या पुण्यातल्या चुलत बहिणीची मुलगी नीलिमा आणि तिचा नवरा शार्दूल महादेवपुऱ्यात राहत. दोघंही कॉम्प्युटरवाले. रस्त्यावर सापडलेलं हे पिल्लू त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. कंपनीनं दोघांना तीन महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं, तेव्हा नीलिमा रागीला घेऊन मावशीच्या दारात उभी राहिली. सोबत थर्माकोलच्या दोन पेट्या होत्या, त्यात बर्फासारखी घट्ट झालेली कच्च्या मांसाची पाकिटं, आणि किती वाजता किती द्यायचं याचा तक्ता.

"मावशी, प्लीज चार्ट फॉलो कर हं. हे कंप्लीट फूड आहे, बाकी काही द्यायचं नाही."

आमच्या हॉटेलात येणाऱ्या माणसांना एवढा तक्ता मिळाला असता तर निम्मी अजून जिवंत असती, असं सुनंदाबाई म्हणाल्या. नीलिमा हसली, पिल्लाला मिठी मारून रडली आणि विमानतळाकडे गेली.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. पाकीट वितळून मऊ झालं होतं आणि बाईंनी सवयीनं त्यात बोटं घातली. कणी लागली. पुन्हा चाचपलं. एक नव्हे, सगळीकडे रवाच होता हाडाचा. चष्मा लावून त्यांनी पाकीट वाचलं. वर लांडग्याचं हे एवढं मोठं चित्र, आणि खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं: चिकन, कलेजी, भोपळा, दळलेलं हाड दहा टक्के.

चोर तो चोर, वर टक्केवारी छापतो.

त्यांनी तिथल्या तिथे जर्मनीला फोन लावला. नीलिमा मीटिंगच्या गडबडीत होती. ती म्हणाली की मावशी, ते मुद्दाम घालतात. मुद्दामच घालतात, चुकून कोण घालतंय, असं बाईंनी सुनावलं. मी घरी करते, निवडलेलं मटण घालते, पोर कशी टरारून वाढते बघ. नीलिमा जराशी घुटमळली. घरी केलेलं तिलाही आवडलंच असतं, पण लहानपणापासून वरणभातावर वाढलेली, कच्च्या मांसाला हात लावायची तिची छाती नव्हती. चालेल, म्हणाली, पण प्रमाण आधी डॉक्टरांना विचार. विचारते, म्हणाल्या सुनंदाबाई.

विचारलं नाही. सगळ्या चामराजपेटला मटण शिकवणारी बाई मटणाचं प्रमाण कुणाला विचारणार? पाकिटं मागच्या गल्लीतल्या कुत्र्यांना गेली. रागीला मांडीचं लुसलुशीत मटण, आठवड्यातून दोनदा कलेजी आणि एक अंडं. हाड नावालासुद्धा नाही. हॉटेलातली हाडं सुपाच्या पातेल्यात जायची, ती पहिल्यापासूनची रीत, आणि बाईंच्या लेखी लाडक्याच्या ताटात हाड वाढणं हा अपमान होता. पाहुण्याला बिनहाडाचं वाढायचं, आपण हाड चोखायचं.

आणि पोर खरोखरच देखणी झाली. अंग तेल चोपडल्यासारखं चकाकायला लागलं. बाई रोज व्हिडिओ धाडत. नीलिमा लाल बदाम पाठवी. नाश्त्याला येणारी नेहमीची मंडळी कुत्रीला वाकून बघायची आणि बाई सांगायच्या की हे घरचं आहे, पाकिटातलं नव्हे. घरचं हा शब्द त्या असा उच्चारायच्या की जणू तो एकटाच पुरेसा आहे. आपल्याकडे हा रोग घरोघरी आहे. घरचं म्हटलं की तपासायचं कुणी नाही.

पाचव्या आठवड्यात रागीनं जिना चढायचं सोडलं. खालच्या पायरीवर बसून राहायची आणि वर बघायची. सुब्बारावांनी मुरगळलं असेल म्हणून हळद-तुरटीचा लेप लावला. मग एका सकाळी ती दिवाणावरून उतरली, म्हणजे फूटभरच, आणि अशी किंचाळली की खाली हॉटेलात मुद्दे वळणाऱ्या मोलकरणीचा हात थांबला. मागचा पाय तिनं टेकला नाही तो नाहीच. पुढचे पंजे फाकून बसले होते, ओल्या मातीचे केल्यासारखे.

सुनंदाबाई तिला पदरात घेऊन रिक्षानं दवाखान्यात गेल्या. डॉक्टर मेघाश्री तिशीची मुलगी होती. कन्नडात, हळू आवाजात बोलायची. तिनं एक्स-रे उजेडावर धरला आणि काही सांगायच्या आधी खायला काय देता ते विचारलं. बाईंनी ताठ मानेनं सांगितलं. निव्वळ मटण. एक कणी हाडाची नाही.

 डॉक्टर एक्स-रेवर बोट ठेवून दाखवू लागली. हाड एक्स-रेत पांढरं दिसायला हवं, इथे ते मांसाइतकंच करडं आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळपास नाहीच. वाढत्या पिल्लाला बाहेरून कॅल्शियम मिळालं नाही की अंग ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. आणि ही बारीक रेघ दिसते ना मांडीत, ती तड आहे.

"अक्का, हिला कुणी उपाशी ठेवलं नाही. हिला फार प्रेमानं चुकीचं घातलंय."

सुनंदाबाईंना आयुष्यात कुणी असं बोललं नव्हतं. त्यांनी विचारलं, पाकिटातलं हाड मग? तेच तर हवं होतं, डॉक्टर म्हणाली. कच्चं, बारीक दळलेलं, मोजून घातलेलं. कच्च्या मांसाची मला स्वतःला फार हौस नाही, जंतूंची भीती असते, भांडी आणि हात साबणानं धुवा. घरी केलेलंही चालतं, पण ते जाणकाराकडून वजनासकट लिहून घेऊन. आत्ता मात्र वेळ नाही. पिल्लांसाठीचं तेच पाकीट, मी देते ते औषध, आणि सहा आठवडे पिंजऱ्यात. उडी नाही, जिना नाही, गाडीतले धक्केही नकोत.

 घरी आल्यावर बाईंनी सुब्बारावांना सगळं सांगितलं. त्यांच्या डोक्यात सुपातली हाडं आली. ढीगभर आहेत, घालू या. बाईंनी ते डॉक्टरला आधीच विचारून घेतलं होतं. शिजलेलं हाड फुटून काट्यासारखं होतं, आतडं फाडतं. मागच्या गल्लीतली कुत्री रोज खातात की, असं बाईंनी सांगितल्यावर डॉक्टर म्हणाली होती, जी मेली ती तुमच्या दारात येत नाहीत, अक्का.

मग सुब्बारावांनी दुसरी युक्ती काढली आणि आवाज खाली आणला.

"अगं, जिन्यावरून पडली म्हण. पाकिटं आपणच मागवू. स्वल्प दिवसांत बरी होईल, ती पोरं यायच्या आत. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," सुनंदाबाई म्हणाल्या. "तीन खाटकांना चोर म्हणून हाकललंय मी. आता मी काय म्हणून घेऊ स्वतःला?"

सुब्बारावांनी पेपर शोधला, पण तो खाली गल्ल्यावर राहिला होता.

जर्मनीत तेव्हा सकाळ होती. नीलिमानं हसत फोन उचलला. बाईंनी तिला हसू पुरं करू दिलं नाही.

"नीलिमा, रागीच्या मांडीचं हाड तडकलंय. पडली नाही, कुणी मारलं नाही. माझ्यामुळे झालंय. हाड नसलेलं मांस घालत राहिले. डॉक्टरांना विचारते म्हणाले होते, ते विचारलंच नाही."

 नीलिमाचा आवाज आला, सपाट.

"तू रोज व्हिडिओ पाठवत होतीस, मावशी."

"पाठवत होते. वरची चकाकी दिसत होती तुला. मलाही तेवढीच दिसत होती."

नीलिमा रडली नाही, ओरडलीही नाही. ते जास्त लागलं. ती म्हणाली की शार्दूलचा मित्र जे. पी. नगरला आहे, त्याच्या ओळखीचं कुत्र्यांचं बोर्डिंग आहे, तो उद्या येऊन रागीला घेऊन जाईल. सुब्बारावांनी हातानं खूण केली, हो म्हणून टाक, सुटलो. सुनंदाबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"तुझी आहे ती, नेलीस तर अडवायचा मला हक्क नाही. पण डॉक्टर म्हणाल्यात हलवू नका, आणि जे. पी. नगरपर्यंतच्या रस्त्यातले खड्डे तुला माहीत आहेत. हा घे त्यांचा नंबर, मी सांगतेय ते खरं की खोटं तूच विचार. सहा आठवडे माझ्याकडे राहू दे. मी मोडलंय, मी जोडते. मग घेऊन जा, आणि पुन्हा कधी माझ्या दारात कुत्रं आणू नकोस. तेही मान्य आहे मला."

नीलिमानं फोन ठेवला. तासाभरानं तिचा निरोप आला. डॉक्टरांशी बोलले. पाकिटं उद्या येतील. रोज तिन्ही वेळचं वाटी रिकामी होईपर्यंतचं शूटिंग पाठव. खाली बदाम वगैरे काही नव्हतं.

सहा आठवडे बाईंनी तक्ता मोडला नाही. काट्यावर वजन करून घातलं, ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे नाही. दर वेळी तो हाडाचा रवा बोटाला लागायचा आणि दर वेळी त्यांचा संताप व्हायचा, कधी कंपनीवर, की बाबांनो लांडगा लहान काढा आणि हे अक्षर मोठं छापा, पण बहुतेक वेळा स्वतःवर. दुपारी हॉटेल सोडून त्या पिंजऱ्याशेजारी जमिनीवर आडव्या व्हायच्या, कारण एकटी पडली की रागी उभं राहायला धडपडायची. नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी कुणी विचारलं, काय अक्का, घरचं काय म्हणतंय, तर त्या सरळ सांगायच्या की घरच्यानंच पाय मोडला, मी मूर्खपणा केला, मुद्दे गार होतायत, जेवा.

दुसऱ्या एक्स-रेत मांडीचं हाड पांढरं उमटलं होतं. तड शोधावी लागत होती. डॉक्टर मेघाश्रीनं रागीला फरशीवर सोडलं. ती चार पावलं चालली, थोडी वाकडी, मग दाराकडे निघाली. पुढचा पंजा कदाचित थोडा फाकलेलाच राहील, डॉक्टर म्हणाली. बाईंनी मान हलवली. त्यांनी ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं, पंज्यासकट.

नीलिमा परत आली ती विमानतळावरून थेट चामराजपेटलाच. रागी तिच्या अंगावर लोळली आणि गाडीत बसली. सुनंदाबाईंकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. कुत्र्याला उपकार-अपकार कळत नाहीत, ते बरं. नीलिमानं चहा घेतला, पण घरच्या खाण्याचा विषय काढला नाही.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. पाकिटं वेळेवर येत नाहीत, पेटी उघडावी तर वितळलेली असते, दोनदा फेकून दिली. मग म्हणाली, "मावशी, तू करून देशील? पहिल्यासारखं नाही. नीट."

सुब्बाराव कान देऊन होते. त्यांना वाटलं, आता ही नाही म्हणणार.

"देईन की," सुनंदाबाई म्हणाल्या. "माझ्याइतका स्वच्छ हात बंगळुरात दुसरा नाही मिळायचा तुला. पण आधी डॉक्टरांना भेट. त्या सांगतील त्या जाणकाराकडून कागद आण. हाड किती, कलेजी किती, सगळं वजनासकट, खाली सही. तो कागद चुलीवरच्या भिंतीला लागेल, मग मी सुरी उचलेन. कागदाशिवाय आलीस तर दारातून परत पाठवीन. तू कितीही माझी असलीस तरी."

"शनिवारी येते," नीलिमा म्हणाली.

"शनिवारी नको, गर्दी असते. सोमवारी ये. आणि तिला घेऊन ये. वजन इथल्या काट्यावर करू."