पिण्याच्या पाण्याचा टँकर

दिवसाढवळ्या शहरातून अ‍ॅसिडचा टँकर न्यायला बंदी. रात्रीपर्यंत थांबायचं तर बाबुरावांची झोप मोडणार! खराडीची जमीन आयटी पार्कवाल्यांना विकून हौसेनं घेतलेला टँकर, तो ते स्वतःच चालवत. मग त्यांनी डोकं लढवलं. टाकीवरची कवटी आणि ‘धोका’ निळ्या रंगाखाली गाडून वर झोकात लिहून घेतलं, ‘पिण्याचे पाणी’. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर अडवायची कुठल्या हवालदाराची छाती आहे? महिनाभर सगळं बिनबोभाट पार पडलं आणि बाबुराव स्वतःच्या अकलेवर बेहद्द खूश झाले.

एका दुपारी स्पीडब्रेकरवर टँकर दणकन आपटला आणि मागचा कॉक गळायला लागला. बाबुराव पाना घेऊन उतरतात तोच समोरच्या चकचकीत सोसायटीतून लोक हंडे-बादल्या घेऊन धावत आले. लिफ्ट होती, जिम होतं, नळाला तेवढं पाणी नव्हतं.

"टाकी रिकामी हाय," बाबुराव म्हणाले.

"मग गळतंय ते काय, तीर्थ?" सोसायटीच्या सेक्रेटरी निशाताईंनी विचारलं.

"खराब पानी हाय, ताई."

"चालेल. फरशी पुसू."

"दुसऱ्याचं बुकिंग हाय वो!"

"वा! अजून काही सुचतंय का बघा."

बाबुरावांना दरदरून घाम फुटला. खरं बोलावं तर पोलीस, न बोलावं तर कुणाचा तरी जीव जायचा. तेवढ्यात जिने झाडणाऱ्या इंदुबाई पुढे घुसल्या. उन्हानं बिचारीचा घसा कोरडा पडला होता.

"आवो, अ‍ॅसिड हाय त्यात! मरशीला!" बाबुराव किंचाळले.

सगळे खो खो हसले. "एवढं मोठं लिहिलंय. वाचता येतं आम्हाला," निशाताई म्हणाल्या.

इंदुबाईंनी पाणी प्यायला ओंजळ पुढे केली. बाबुरावांनी त्यांना ढकललं आणि स्वतःचा तळहात धारेखाली धरला. "घ्या! बघा आता!"

त्यांच्या किंकाळीनं हंडे खाली पडले, माणसं मागे पळाली. कातडी डोळ्यांदेखत पांढरी पडत चालली होती.

"पानी आना! लवकर पानी आना!"

सगळ्यांचे हंडे-बादल्या कोरडे ठणठणीत होते. इंदुबाईच धावल्या. डब्याच्या पिशवीतल्या बाटलीच्या तळाशी जेवणासाठी राखलेलं घोटभर पाणी त्यांनी हातावर ओतलं.

"आजून वता, बाई," बाबुराव लहान पोरासारखे रडत म्हणाले.

"कुठून आणू, दादा?"