आणि जर…

मी एक फर्मा बोलतोय. अख्खा ग्रंथ नव्हे, त्यातली सोळा पिवळी पानं. आमच्या जावा बेटावरच्या मदरशात भाष्याचे ग्रंथ शिवत नाहीत. आजचा धडा ज्या फर्म्यात, तेवढा काढायचा आणि गुरूंपुढे बसायचं. सोय मोठी, पण माझ्या जिवाला कायमचा घोर.

कारण माझ्या शेवटच्या पानावर लढाईची आयत आहे. शत्रूंना गाठा, मारा. कोणते शत्रू, ते भाष्यात आहे: करार मोडून उलटलेले. पुढची आयत पुढच्या फर्म्यात. माझ्या तळाच्या कोपऱ्यात तिची फक्त सुरुवात छापलीय, पानं जुळवायला: 'आणि जर'.

सोबिरिन माझ्यावरच शिकला. मदरशाच्या गुरुमाता, न्याई उमैना, सांगायच्या आणि तो अरबी ओळींखाली आमच्या बोलीतला अर्थ बारीक अक्षरांत लिहायचा. पुढे त्यानं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

एका दुपारी गावात आवई उठली की टोफूवाल्या ख्रिस्ती पॉलुसनं मशिदीच्या हौदात घाण पाणी सोडलं. हौद बघायला कुणीही गेलं नाही. सोबिरिन मात्र आला, मला कपाटातून ओढलं आणि लुंगीत खोचलं. त्याच्या घामानं मी भिजलो. भीतीनं म्हणा हवं तर.

मशिदीच्या पायरीवर, जमलेल्या लोकांपुढे, त्यानं मला वाचलं.

"अर्थ सांग रे, अरबी कुणाच्या बापाला कळतंय!" कुणीतरी ओरडलं.

त्यानं सांगितला. 'करार मोडून उलटलेले' हे स्वतःच्या हातानं लिहिलेले शब्द तेवढे गाळले. मला किंचाळावंसं वाटलं, पण कागदाला कुठला आवाज?

पॉलुसचं घर रिकामं होतं. तो आणि त्याची बायको मार्ता न्याईंच्या स्वयंपाकघरात लपले होते. जमाव तिकडे वळला. न्याई दारात उभ्या, हाताला खोबऱ्याचा कीस.

"बाजूला व्हा, न्याई. ग्रंथातच आहे," सोबिरिन म्हणाला.

"माझ्याच कपाटातला ना तो? खालचा कोपरा वाच."

"आणि जर…"

"जर काय?"

सोबिरिननं मला उलटून पाहिलं. पुढे पान नव्हतं.

"अर्धंच उचलून आलास की रे, शहाण्या!" न्याईंनी पुढचा फर्मा आणून त्याच्या हातात कोंबला. "वाच. मघाशी आवाज चांगला होता तुझा."

त्याचंच अक्षर होतं. "आणि जर त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला, तर द्यावा… मग त्याला सुखरूप जागी…" तो अडखळला.

"पोचवावं," न्याई म्हणाल्या. "चल, पोचव."

तो खाली मान घालून पुढे चालला, मागून ती दोघं. माफी कुणी मागितली नाही. एक दगड आलाच, मार्ताच्या खांद्याला लागला.

त्या संध्याकाळी न्याईंनी रीत मोडली आणि आम्हां दोन्ही फर्म्यांना जाड दोऱ्यानं एकत्र शिवलं. सुई टोचली, पण जन्मात पहिल्यांदा मला निर्धास्त वाटलं.

ते टिकलं नाही. मागच्या आठवड्यात एक अनोळखी पाहुणा आला. अदबीनं बसला, माझं शेवटचं पान उघडलं आणि फोनवर फोटो काढून निघून गेला. तो फोटो आता कुठे फिरतोय, कुणाच्या दाराकडे निघालाय, मला ठाऊक नाही.

तो फोटो तुमच्याकडे आला, तर हात जोडून सांगतो, तळाचा कोपरा बघा. तिथल्या दोन शब्दांवर त्या पाहुण्याचा अंगठा आहे.