विश्वासाने दाखवलेले वळ

वसतिगृहाचा अधीक्षक फत्तेसिंग याने दानियलची मान धरून त्याला पाण्याच्या टाकीवर आपटलं. नववीची मुलं ताटं हातात घेऊन बघत राहिली.

“त्या बाईले काय सांगं तू? बोल.”

दानियलचं नाक फुटलं होतं. त्याने ते बाहीने पुसलं. मग फत्तेसिंगने पाइप उचलला आणि पोराच्या पाठीवर, मांड्यांवर, लागेल तिथे मारायला सुरुवात केली.

ती बाई म्हणजे एस्तेर. शाळेतल्या मुलांची सुरक्षा आणि मनःस्वास्थ्य यांसाठी सरकारने नवे नियम केले, तेव्हापासून ती विसरवाडीजवळच्या या आश्रमशाळेत समुपदेशक म्हणून दर मंगळवारी येत असे. मागच्या खेपेला दानियलने शर्ट वर करून तिला फत्तेसिंगच्या माराचे वळ दाखवले. तिने नियमाप्रमाणे मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी पोलिसांना कळवायचं, तर ते फत्तेसिंगलाच सांगून बसले.

आज फाटकातून आत येतानाच तिने ओरडणं ऐकलं आणि ती धावली. तेवढ्यात दानियलच्या हाती भिंतीशी टेकवलेलं फावडं आलं. त्याने ते जोरात फिरवलं. फत्तेसिंगचा गुडघा मोडल्याचा आवाज सगळ्यांना आला. तो कोसळला. दानियलने त्याच्या डोक्यात घालायला फावडं पुन्हा उचललं.

एस्तेर मध्ये शिरली. घाव तिच्या उजव्या खांद्यावर बसला. ती कळवळली, पण बाजूला झाली नाही.

“टाक ते,” ती दानियलच्या घरच्या बोलीत म्हणाली. “टाक, बाळा.”

त्याने फावडं टाकलं आणि तिथेच बसून ओकला.

मुख्याध्यापक आले. “मुलाला काढून टाकू,” ते म्हणाले. “मॅडम, तुम्ही पायरीवरून पडलात म्हणा.”

“मी पोलिसांना सगळं सांगणार आहे. फावड्याचंही,” एस्तेर म्हणाली आणि तिने डाव्या हाताने फोन लावला.

फत्तेसिंगला दवाखान्यातच अटक झाली. मुख्याध्यापक निलंबित झाले. बाल न्याय मंडळाने दानियलला आईच्या, रमीबाईच्या ताब्यात दिलं.

हात गळ्यात बांधून एस्तेर त्यांच्या घरी गेली. दानियल खाटेवर पाठ फिरवून बसला होता.

“तुम्ही मुख्याध्यापकांना का सांगितलं?” त्याने विचारलं.

“मला वाटलं, ते पोलिसांना कळवतील. मी स्वतःच कळवायला हवं होतं.”

“शाळेचं नाव काढलं की थरथरतो तो,” रमीबाई म्हणाली.

“मग मी इथेच येत जाईन. चालेल का, दानियल?”

पुढच्या मंगळवारी ती आली, तेव्हा तो घराच्या दाराशीच तिची वाट बघत उभा होता.