रिळावरचा भोंगा

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलणं बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय, आणि तेही घाईत, कारण गुरुवारी मला दुरुस्त करायला माणूस येणार आहे.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका गावात, धान्याच्या कोठारावर काम करणाऱ्या डेलमर क्रॉसनं मला नव्या संसारात घरी आणलं. बायको ओपल म्हणाली, "अरे, घरात बसायला धड खुर्ची नाही आणि हे धूड कशाला?" पण रोज मला पुसायची तीच.

डेलमरला बेसबॉलचं वेड. रेडिओवर सामना लागला की तो रेडिओसमोर माझा माईक ठेवायचा आणि सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं, असा हुकूम! कुलूप कसलं लागतंय? माझ्या रिळांवर समालोचकाबरोबर ओपलची भांडी आहेत, कुत्र्याचं भुंकणं आहे, शेजारणीचा खोकलाही आहे.

मे महिन्यातल्या एका सामन्याच्या शेवटच्या डावात गावाचा भोंगा वाजू लागला. चक्रीवादळ येत होतं. वादळात लपायला अंगणात खणलेल्या तळघराचं दार उघडून ओपल ओरडली, "डेलमर, खाली ये! मरायचंय का?" आणि हा बाबा खुर्चीतून म्हणतो, "आलो गं, शेवटचा गडी बाद होऊ दे!"

भोंग्यासकट हे सगळं माझ्या रिळावर उतरलं. वादळ गावाच्या कडेनं निघून गेलं. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. वाईट एवढंच झालं की डेलमरला वाटलं, वेळ कधी येतच नसते. पुढे पाहुणे आले की तो हेच रीळ लावायचा आणि ओपलची हाक आली की आपलं उत्तर पुन्हा मोठ्यानं द्यायचा. सगळे पोट धरून हसायचे. मला मात्र तो भोंगा कधीच आवडला नाही.

मग ओपल गेली. हसणं बंद झालं, रीळ बंद झालं नाही. दुपारचं जेवण झालं की डेलमर तेच लावायचा. त्याचे कान मंद होत गेले, तसा त्यानं माझा आवाज वाढवला. ओपलच्या हाकेला उत्तर आता तो हळूच द्यायचा, लाडानं. मुलगी जॉनेल जवळच राहायची. ती वैतागायची, "डॅडी, किती वेळा ऐकणार? जिंकले ना आपण!"

"सामना कोण ऐकतंय, येडे?" तो म्हणायचा.

त्या दिवशी वारा पडला होता. खिडकीबाहेरचं आभाळ शेवाळी झालं होतं आणि घरातली वीज कमी-जास्त होत होती, त्यामुळे माझी चाकं अडखळत होती. सामना अजून मध्यावर होता. डेलमरचा डोळा लागला. आणि बाहेर गावाचा भोंगा सुरू झाला.

तो माझ्यातला नव्हता हो! माझ्यातला यायला अजून कितीतरी फीत बाकी होती. डेलमर जागा झाला, भोंगा ऐकला आणि स्वतःशीच पुटपुटला, "अरेच्चा, शेवटच्या डावापर्यंत झोपलो की काय!"

अंगणातून जॉनेल किंचाळली, "डॅडी, तळघरात चला!"

त्याच्या कानांना एवढंच कळलं की बाईमाणूस हाक मारतंय. तो गोड हसला. "आलो गं, शेवटचा गडी बाद होऊ दे!"

मला ओरडायचं होतं. पण माझ्याकडे समालोचकाच्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. तो कुणाचा तरी फटका रंगवून सांगत राहिला, आणि मी तो ऐकवत राहिलो.

तेवढ्यात वीज गेली आणि मी गप्प झालो. भोंगा गप्प झाला नाही. हा भोंगा रिळावरचा नाही, हे डेलमरला तेव्हा कळलं. जॉनेल धावत आत आली, तिनं त्याचा दंड धरला.

"थांब, रीळ काढू दे."

"मरू दे ते रीळ!"

"तुझी आई आहे त्यात!"

"आई नाही, फीत आहे नुसती! चला ना, डॅडी!"

"तू दार धर. आलोच मी."

ती तळघराचं दार धरायला गेली. रीळ निघता निघेना. जा रे बाबा, सोड मला, असं मी मनात शंभरदा म्हटलं. शेवटी रीळ निघालं. ते छातीशी धरून तो दाराबाहेर पडला, आणि मागोमाग छप्पर गेलं.

मी गव्हाच्या शेतात सापडलो. डेलमर अंगणातच सापडला, तळघराच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. रीळ त्याच्या हातात होतं.

आता मी जॉनेलच्या घरी आहे. शेजारीण तिला म्हणाली, "हे भंगार कशाला ठेवतेस गं?" जॉनेल म्हणाली, "दुरुस्त करून घेणार आहे. आई हाक मारते, डॅडी 'आलो गं' म्हणतात. दोघंही त्यातच आहेत."

तिनं माझ्यासमोर खुर्ची मांडून ठेवलीय. पोरी, तुझ्या घरालाही अंगण आहे, तळघर आहे, आणि मे महिना दर वर्षी येतो. गुरुवारी त्या माणसाला दारातूनच परत पाठव. बिघडलोय, तर बिघडलेलाच राहू दे मला.