एवाल्डचा शब्द

"एवाल्ड, बाहेर जाऊन खोक. इथे गाणं चाललंय," मास्तर म्हणाले. पियानोवरचं बोट त्यांनी उचललंसुद्धा नाही.

एवाल्ड कोटहाउस तोंडाला रुमाल लावून अंगणात गेला. जर्मनीतल्या एल्बरफेल्डच्या आमच्या गायनमंडळात आम्ही शेजारी उभे राहायचो, खर्जवाल्यांच्या मागच्या रांगेत. मी फिती विणणारा, तो रंगाच्या कारखान्यात कढईवर. आज कोणता रंग शिजतोय ते गाव नदी बघून ओळखायचं. मी एवाल्डचा रुमाल बघून ओळखायचो.

"पेंटेकॉस्टच्या सणाला, जलशाच्या रविवारी असा खोकलास, तर मंडळाची फीत परत करायची," मास्तरांनी खिडकीतूनच बजावलं.

मंडळातल्या प्रत्येकाच्या छातीवरची ती निळी फीत मीच विणलेली. त्याची बायको, हुल्डावहिनी, म्हणायची, "हा लग्नाची अंगठी विसरेल, फीत नाही विसरायचा."

पुढच्या तालमीला एवाल्ड आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. मी कान लावून वाट पाहिली. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं. काहीच नाही.

"मेलास की काय रे?" मी कुजबुजलो.

"कारखान्याच्या डॉक्टरांनी पुडी दिलीय. नवीन औषध निघालंय, आम्हाला देऊन बघतायत. घेतली की छातीतलं कुत्रं झोपतं."

"आणि तुला कसं वाटतं?"

"त्यांनीही तेच विचारलं. म्हटलं, साहेब, हेरोइश!"

"वीरासारखं? तुला? वहिनीसमोरसुद्धा?"

तो खदखदून हसला. एवढं हसूनही त्याला ढास लागली नाही.

पेंटेकॉस्टला सभागृह दाराबाहेरपर्यंत भरलं होतं. शेवटचा खोल सूर एकट्या एवाल्डने धरायचा, आम्ही बाकीच्यांनी गप्प राहायचं. त्याने तो धरला. माझ्या बुटांखालची फळी थरथरली. पहिल्या रांगेतली बाई पंखा हलवायची थांबली. सूर संपेना. मास्तरांचा हात खाली यायचा विसरून हवेतच राहिला. मी आयुष्यभर त्या माणसाला चेष्टेने हाक मारली, पण त्या दिवशी त्याच्याकडे वर बघावं लागलं, आणि तो माझ्यापेक्षा बुटका.

मग डॉक्टरांचं औषध देऊन बघणं संपलं आणि पुड्या थांबल्या. खोकला परत आला, घाम आणि चिडचिड सोबत घेऊन. तालमीच्या वेळी एवाल्ड डॉक्टरांच्या दाराशी घुटमळताना दिसायचा.

पुढे तेच औषध औषधवाल्याच्या खिडकीत बाटलीतून आलं. वर नाव होतं, हेरोइन. गुत्त्यात चौघेजण छाती ठोकून सांगू लागले, "हा शब्द माझाच!" खरं म्हणजे त्या वसंतात बऱ्याच जणांना वीरासारखं वाटलं असणार, आणि साहेबांच्या कानावर कोणाचं बोलणं आधी पडलं ते देव जाणे. एवाल्डने मात्र कधी दावा सांगितला नाही. त्याने फक्त फीत इस्त्री करून मास्तरांना नेऊन दिली, कोणी मागायच्या आत.

हिवाळ्यात मी खोकी बांधायच्या पट्ट्या घेऊन कारखान्यात गेलो. छातीमुळे एवाल्डला कढईवरून काढून पॅकिंगच्या खोलीत बसवलं होतं. तो त्याच औषधाच्या बाटल्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत होता. भिंतीला टेकलेल्या खोक्यांवर अशा गावांची नावं होती की मला वाचताही येईनात. आमच्या नदीकाठी बोललेला शब्द तिकडे निघाला होता, समुद्रापलीकडे. मला टोपी काढावीशी वाटली.

"रविवारी ये," मी म्हणालो. "गाऊ नको, नुसतं तोंड हलव."

"मासा आहे का मी?"

"मग यातली एखादी घे की. ढीग पडलाय."

"घेतली होती विकत. खोकला थांबतो रे," तो खालच्या आवाजात म्हणाला, "पण मग मी थांबत नाही."

एवढ्यात त्याला ढास लागली. त्याने बाटली हाताच्या अंतरावर धरली, मान वळवून तोंड खांद्यात खुपसलं आणि खांदे हलायचे थांबेपर्यंत तसाच राहिला. मग वळला. चिठ्ठी एका बाजूला किंचित तिरकी बसली होती. त्याने ती अंगठ्याने सरळ केली, उजेडाकडे धरून नाव वाचलं, आणि बाटली खोक्यात ठेवली.